गुंतागुंतीच्या नेटवर्कची आखणी: नागपुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रुग्णालयं, कॉलेजं, हिंगणा-बुटीबोरीचे कारखाने, मिहानकडची ऑफिसं अशा कामांच्या निमित्ताने लोक आम्हाला जे विचारतात, ते इथे एका जागी लिहून ठेवलं आहे. यातले बरेच प्रश्न साइटवर कमी आणि चहाच्या टपरीवर जास्त विचारले गेलेत, त्यामुळे उत्तरांची भाषाही तशीच आहे.

आमच्याकडे दीडशेच कॉम्प्युटर आहेत. आमचं नेटवर्क गुंतागुंतीचं कसं?

आकड्यावर जाऊ नका, भाऊ. एका हॉलमध्ये तीनशे टेबलं आहेत आणि सगळे एकच सॉफ्टवेअर वापरतात, तर ते नेटवर्क मोठं आहे पण सरळ आहे. उलट चाळीस खाटांचं रुग्णालय घ्या. नोंदणीचा काउंटर, लॅबची मशीन, एक्स-रेच्या जडच्या जड फाइली, कॅमेरे, हजेरीचं मशीन, डॉक्टरांचे मोबाइल, नातेवाइकांना फुकट वायफाय, आणि वर्ध्याला दुसरी शाखा. प्रत्येकाची अपेक्षा वेगळी, तार मात्र एकच. गुंता तिथे होतो.

आमची कसोटी सोपी आहे. अमुक एक डबा (स्विच, राउटर वगैरे) बंद पडला तर नेमकं कोणाचं काम थांबेल, हे जागेवरून न उठता सांगता येत नसेल, तर तुमचं नेटवर्क गुंतागुंतीचं आहे, मग कॉम्प्युटर दीडशे असोत की पंधरा.

सुरुवात कोणत्या सॉफ्टवेअरने करायची?

कोणत्याच नाही. पहिला दिवस टेप, टॉर्च आणि वहीचा.

रुग्णालयाचं काम असेल तर सकाळी दहाला नोंदणीच्या काउंटरमागे जाऊन उभं राहा. ताई एंटर दाबतात, स्क्रीनवर ते गोल फिरायला लागतं, समोरचा माणूस कोपर काउंटरवर टेकवतो, मागची रांग एक पाऊल पुढे सरकून अडते. ते गोल किती सेकंद फिरतं ते घड्याळ लावून मोजा. मग ताईंनाच विचारा, ‘कधी जास्त हळू होतं जी?’ ‘सोमवारी, आणि कॅमेरेवाले रेकॉर्डिंग काढायला येतात तेव्हा,’ हे उत्तर तुम्हाला कोणत्याही मॉनिटरिंग सॉफ्टवेअरच्या आधी मिळतं.

पुस्तकी भाषेत याला वरून खाली आखणी म्हणतात: आधी माणसांचं काम, मग त्यांची सॉफ्टवेअर, मग ट्रॅफिक, म्हणजे तारेतून वाहणारा डेटा, आणि सगळ्यात शेवटी डबे आणि तारा. नेटवर्कची उपकरणं बनवणाऱ्या सिस्कोच्या मंडळींनी याच प्रवासाला सहा पायऱ्या दिल्या आहेत: तयारी, नियोजन, आखणी, उभारणी, चालवणं, सुधारणा. पायऱ्यांची नावं पाठ केली नाहीत तरी चालेल, पण आपल्याकडे बहुतेक कामं थेट चौथ्या पायरीवर, म्हणजे कोटेशनपासून सुरू होतात. रोग तिथेच आहे.

प्रत्येक विभागाला एक प्रश्न न चुकता विचारा: ‘किती वेळ बंद राहिलं तर चालेल?’ सगळे आधी ‘एक मिनिटही नाही’ म्हणतात. मग एक मिनिटाचा खर्च आणि दोन तासांचा खर्च शेजारी-शेजारी लिहून दाखवा. हिशोब विभाग दोन तासांवर येतो, एचआर उद्यावर येतो, आणि आयसीयू खरोखर एक मिनिटावरच राहतं. मग पैसा कुठे घालायचा ते आपोआप दिसतं.

एक वस्तू बंद पडून सगळं बंद होईल अशी जागा आधीच कशी ओळखायची?

आलेखशास्त्रात अशा बिंदूला छेदबिंदू म्हणतात आणि तो शोधायला पायथॉनच्या नेटवर्कएक्स लायब्ररीत तयार सोय आहे. शेकडो स्विच असतील तर ती वापरा.

तीस-चाळीस डब्यांसाठी आम्ही रुपयाचं नाणं वापरतो. नेटवर्कची आकृती मोठ्या कागदावर छापायची, एकेका डब्यावर नाणं ठेवायचं आणि विचारायचं, ‘हा गेला, आता कोण तुटलं?’ मग तेच नाणं रेषांवर. तासाभरात सगळी आकृती होते, आणि आयटीवाल्यांसोबत अकाउंट्सचे साहेबही त्यात बसू शकतात, हा मोठा फायदा.

पण एक गफलत आम्ही स्वतः केली आहे. एका ग्राहकाकडे दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या इंटरनेट लिंक घेतल्या, दोन राउटर, दोन फायरवॉल (नको ते ट्रॅफिक अडवणारे डबे). आकृतीवर नाणं कुठेही ठेवा, काही तुटत नव्हतं. आम्ही खुश. पावसाळ्याआधी सिमेंट रस्त्याचं काम निघालं, जेसीबीचा एक फटका बसला आणि दोन्ही लिंक एकाच सेकंदाला गेल्या. खड्ड्यात उतरून पाहिलं तर एक काळी आणि एक नारिंगी नळी गळ्यात गळा घालून एकाच चरातून येत होत्या. दोन बिलं, दोन कॉल सेंटर आणि चर एकच.

तेव्हापासून नाणं दोनदा फिरवतो: एकदा आकृतीवर आणि एकदा परिसराच्या नकाशावर. दुसऱ्या वेळी ते डब्यावर ठेवायचं नाही. चरावर, खांबावर, गेटवर, जिन्याखालच्या मीटरच्या खोलीवर ठेवायचं. लिंक घेताना दोन्ही कंपन्यांकडून केबल रस्त्याच्या कोणत्या बाजूने येते ते लेखी मागा. एक जमिनीखालून आणि दुसरी छतावरच्या रेडिओवरून असेल तर उत्तम. केंद्राने मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप आणलं आहे, खोदणाऱ्याने आधी कळवावं म्हणून. ते जरूर वापरा, पण आखणी त्याच्या भरवशावर करू नका.

९९ टक्के, ९९.९ टक्के... या आकड्यांचा खरा अर्थ काय?

९९ टक्के ऐकायला बोर्डाच्या निकालासारखं वाटतं. वर्षाच्या हिशोबात ते साडेतीन दिवसांहून थोडं जास्त बंद आहे. ९९.९ म्हणजे पावणेनऊ तास, ९९.९९ म्हणजे सुमारे ५३ मिनिटं.

एकामागे एक जोडलेल्या वस्तूंचे आकडे गुणायचे: ९९.९ टक्क्यांचे दोन डबे रांगेत आले की ९९.८. समांतर जोडले तर बंद असण्याचे आकडे गुणायचे: ९९ टक्क्यांच्या दोन लिंक मिळून ९९.९९ होतात. मात्र दोन्ही एकमेकींपासून स्वतंत्र असल्या तरच. वरच्या चराचं उदाहरण घ्या. तो चर ९९.५ टक्के धरला, तर दोन लिंकांचं सगळं पुण्य त्याने गुणलं जाऊन तुम्ही पुन्हा पावणेदोन दिवसांच्या वर जाता. दुसऱ्या लिंकचे पैसे पाण्यात.

कोअर, डिस्ट्रिब्युशन, ॲक्सेस ही तीन थरांची पद्धत अजून चालते का?

चालते, आणि परिसर पसरलेला असेल तर तिच्याइतकी समजायला सोपी दुसरी पद्धत नाही. आपल्या मेट्रोकडे बघा. खापरीकडून येणारी ऑरेंज लाइन आणि लोकमान्यनगरकडून येणारी ॲक्वा लाइन सीताबर्डीला एकमेकींना छेदतात. सीताबर्डी हा कोअर: तिथे फक्त गाडी बदलायची, पोहे खात बसायचं नाही. स्टेशनं म्हणजे डिस्ट्रिब्युशन, जिथे तिकीट तपासलं जातं, म्हणजे नियम लागतात. आणि स्टेशनातून घरापर्यंतचा ऑटो म्हणजे ॲक्सेस. कोअर स्विचवर लोकांनी भारंभार फिल्टर आणि नियम लावलेले दिसले की मला सीताबर्डीच्या प्लॅटफॉर्मवर मांडलेला भाजीबाजार आठवतो.

दोन-तीन इमारती असतील तर वरचे दोन थर एकत्र करा. दोन तगडे स्विच, प्रत्येक इमारतीतून दोघांकडे एकेक फायबर, झालं. तीन थर पुस्तकात आहेत म्हणून विकत घ्यायचे नसतात.

मग स्पाइन-लीफ कशासाठी?

सर्व्हर सर्व्हरशीच जास्त बोलतात अशा डेटा सेंटरसाठी. लीफ म्हणजे सर्व्हर जोडलेले स्विच, स्पाइन म्हणजे त्या स्विचना जोडणारे स्विच. प्रत्येक लीफ प्रत्येक स्पाइनला जोडलेलं, त्यामुळे कुठूनही कुठेही अंतर सारखंच. कल्पना नवी नाही: चार्ल्स क्लॉस यांनी १९५३ मध्ये टेलिफोन एक्स्चेंजच्या स्विचसाठी ती मांडली होती. शाळा-कॉलेजला कोणी स्पाइन-लीफ विकत असेल तर नम्रपणे नकार द्या.

आयपी पत्ते कसे वाटायचे? सध्या सगळं १९२.१६८.१ मध्ये आहे.

तेच पहिलं बदला. घरोघरीच्या राउटरमध्ये हीच किंवा १९२.१६८.० ची मालिका असते. डॉक्टर घरून व्हीपीएन (इंटरनेटवरून रुग्णालयाच्या नेटवर्कात यायची खासगी वाट) लावतात, घरचं आणि रुग्णालयाचं नेटवर्क एकाच मालिकेचं निघतं, आणि रिपोर्ट उघडत नाही. फोन तुम्हालाच येतो, तोही रात्री.

खासगी वापरासाठी तीन मालिका राखून ठेवल्या आहेत, १९९६ पासून त्याच आहेत: १०.०.०.०/८, १७२.१६.०.०/१२ आणि १९२.१६८.०.०/१६ (तिरक्या रेषेनंतरचा आकडा जितका लहान, तितकी मालिका मोठी). आम्ही १० ची मालिका घेतो आणि पत्ता माणसाला वाचता येईल असा ठेवतो. दुसरा आकडा इमारतीचा, तिसरा व्हीलॅनचा (त्याच स्विच-तारांवर वेगळं पाडलेलं नेटवर्क), चौथा उपकरणाचा. १०.३.४०.२५ म्हणजे तिसरी इमारत, ४० नंबरचं व्हीलॅन, म्हणजे कॅमेरे, त्यातला २५ वा. रात्री दोनला जिन्यात उभा असलेला पोरगा हे पाहून थेट योग्य मजल्यावर जातो. यात पत्ते उधळले जातात अशी तक्रार शिस्तीचे इंजिनिअर करतात. खरं आहे. पण १० च्या मालिकेत एक कोटी सत्तर लाखांच्या आसपास पत्ते आहेत, सहा इमारतींना उधळून उधळून किती उधळाल?

दुसरा फायदा रूटिंगचा, म्हणजे डेटाची वाट ठरवण्याचा. तिसऱ्या इमारतीतलं सगळं १०.३.०.०/१६ या एका ओळीत सांगता येतं, त्यामुळे कोअरला वीस ओळी लक्षात ठेवाव्या लागत नाहीत, आणि एका इमारतीतली गडबड दुसरीकडे उमटत नाही.

आणि १७२.१७ ची मालिका कोणत्याही विभागाला देऊ नका. डॉकर (एका सर्व्हरवर अनेक प्रोग्राम वेगवेगळे चालवणारं सॉफ्टवेअर) बसवलं की ते मुळात तीच मालिका स्वतःसाठी घेतं. एके दिवशी सर्व्हरवर डॉकर चढतं आणि फक्त एकाच विभागाला सर्व्हर दिसेनासा होतो. कारण शोधायला अर्धा दिवस जातो.

किती बँडविड्थ लागेल ते कसं काढायचं?

अंदाजाने नाही, बेरीज करून. कॅमेऱ्यांपासून सुरू करा, कारण त्यांचं ट्रॅफिक चोवीस तास सारखं वाहतं. ६४ कॅमेरे, प्रत्येकी ४ एमबीपीएस, म्हणजे २५६ एमबीपीएस. सेकंदाला ३२ एमबी, दिवसाला सुमारे २.७६ टीबी, तीस दिवस ठेवायचं तर ८३ टीबी. रेकॉर्डरला एकच १ जीबीपीएसची तार असेल तर तिचा पाव भाग कोणी काही न करता भरलेला आहे. आता काउंटरवरच्या ताईंचं वाक्य आठवा: रेकॉर्डिंग काढायला माणूस आला की उरलेला भागही भरतो.

दुसरी गोष्ट, लिंक १०० टक्के भरेपर्यंत थांबू नका. रांगांचं गणित डेन्मार्कच्या एर्लांग यांनी १९०९ मध्ये टेलिफोनसाठी सुरू केलं, ते आजही कामाला येतं. साध्या सूत्राने, लिंक अर्धी भरलेली असेल तर पॅकेटला (डेटाच्या एका तुकड्याला) मोकळ्या लिंकच्या दुप्पट वेळ लागतो, ८० टक्क्यांना पाचपट, ९० ला दहापट, ९५ ला वीसपट. खरं ट्रॅफिक झटक्याझटक्याने येतं, त्यामुळे प्रत्यक्षात हाल याहून वाईट. व्हरायटी चौकात संध्याकाळी सहाला गाडी घातलेल्या माणसाला हे सूत्र शिकवावं लागत नाही. सरासरी ६०-७० टक्क्यांवर गेली की आम्ही पुढच्या लिंकचं पत्र टाकतो.

पाच मिनिटांची सरासरी दाखवणाऱ्या आलेखावर मात्र विसंबू नका. त्यात ४० टक्के दिसतं तेव्हा आतमध्ये दहा सेकंद १०० टक्के होऊन गेलेलं असू शकतं, आणि ताईंचं गोल नेमकं त्याच दहा सेकंदांत फिरत असतं.

मुंबईच्या ऑफिसपर्यंत १ जीबीपीएसची लिंक घेतली, तरी फाइल रांगतच जाते. कंपनी फसवते का?

बहुधा नाही. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. नागपूर-मुंबई फायबर ९०० किलोमीटरचं धरलं तर जाऊन-येऊन ९ मिलिसेकंद हा निसर्गनियम झाला, त्याच्या खाली कोणी देऊ शकत नाही. मधले डबे, वळसे धरून २० मिळाले तरी बरं.

आता टीसीपी (फाइल तुकड्यांत पाठवून पोच घेणारा प्रोटोकॉल) पोच मिळेपर्यंत ठरावीक माल पाठवून थांबतं. या मर्यादेला खिडकी म्हणतात, जुन्या मशीनवर ती ६४ केबी असते. २० मिलिसेकंदाला ६४ केबी, म्हणजे जेमतेम २६ एमबीपीएस. लिंक एक जीबीपीएसची असो की दहाची, एकच फाइल त्याच्या वर सरकणार नाही. ही खिडकी मोठी करायची सोय १९९२ पासून मानकात आहे, पण जुनं एनएएस (नेटवर्कवर फाइली साठवायचं यंत्र), जुनी फायरवॉल ती अडवून ठेवते. आयपर्फ-३ या वेग मोजायच्या साधनाने एका धाग्यावर (एकच जोडणी) आणि मग एकदम आठ धाग्यांवर चाचणी घ्या. एकावर २६ आणि आठांवर दोनशेच्या घरात आलं, तर लिंक निर्दोष आहे, दोष टोकाला आहे.

आकृती काढायला कोणतं साधन चांगलं?

ड्रॉ डॉट आयओ फुकट आहे, व्हिजिओ असेल तर तेही चालतं. साधनापेक्षा महत्त्वाचं हे की एकाच चित्रात सगळं कोंबू नका. तारा-फायबर-रॅक यांचं एक, व्हीलॅनचं दुसरं, आयपी आणि रूटिंगचं तिसरं.

पन्नासच्या वर उपकरणं गेली की चित्र पुरत नाही, नोंदवही लागते. त्यासाठी नेटबॉक्स वापरा. डिजिटलओशनच्या लोकांनी ते २०१६ मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं. कोणत्या रॅकच्या कोणत्या युनिटला कोणता स्विच, कोणत्या पोर्टातून कोणती केबल, कोणता पत्ता कोणाला, सगळं त्यात राहतं. एक्सेलही चालतं, पण ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल खरं’ अशा तीन फाइली प्रत्येक ऑफिसात मी पाहिल्या आहेत.

पॅकेट ट्रेसर, जीएनएस-३, एनएस-३... यातलं नेमकं काय शिकू?

ही सगळी खरे डबे न घेता नेटवर्क कॉम्प्युटरवर करून पाहायची साधनं. नावांनी घाबरू नका, यात मुळात दोन जाती आहेत. एक नक्कल करणारी आणि एक खरंच चालवणारी.

पॅकेट ट्रेसर ही सिस्कोची नक्कल आहे. शिकायला फार छान, हलकी, साध्या लॅपटॉपवर चालते. पण त्यात निवडक आदेशच आहेत. त्यात चाललं म्हणजे खऱ्या स्विचवर चालेल असं नाही, आणि उलटही नाही.

जीएनएस-३ आणि इव्ह-एनजी ही साधनं राउटर-स्विच बनवणाऱ्या कंपन्यांची खरी सॉफ्टवेअर आभासी मशीनमध्ये चालवतात. मेमरी खातात, १६ जीबीच्या लॅपटॉपवर पाच-सात राउटरांत दम लागतो, आणि परवान्याच्या इमेज तुम्हाला रीतसर मिळवाव्या लागतात. कंटेनरलॅब हा नवा प्रकार आहे: अख्खं नेटवर्क एका मजकुराच्या फाइलमध्ये लिहायचं, एका आदेशात उभं करायचं, एका आदेशात पाडायचं. नोकियाचं एसआर लिनक्स आणि खुलं एफआरआर ही राउटरची सॉफ्टवेअर त्यावर मोफत चालतं. आज शिकायला बसणाऱ्या पोरांना मी हेच सांगतो, कारण पाडून पुन्हा उभं करायचा कंटाळा येत नाही, आणि कंटाळा येत नाही म्हणून ते प्रयोग करतात.

एनएस-३ आणि ओम्नेट++ ही वेगळीच गोष्ट. तिथे स्विच नसतो, त्याचं गणिती वागणं असतं. हजार मोबाइल एका मैदानात आले तर वायफायचं काय होईल, नवा प्रोटोकॉल टिकेल का, असल्या प्रश्नांना ती योग्य. एमटेकच्या प्रबंधाला घ्या, रुग्णालयाच्या टेंडरला नको. मिनिनेट यांच्या मध्ये बसतं, एसडीएन (एका जागेवरून सॉफ्टवेअरने चालवायचं नेटवर्क) शिकायचं असेल तर तिथून सुरुवात करा.

बदल करण्याआधी तो बरोबर आहे की नाही हे कळू शकतं का?

बऱ्याच अंशी. बॅटफिश नावाचं खुलं साधन आहे. त्याला सगळ्या राउटर-स्विच-फायरवॉलच्या कॉन्फिग (सेटिंगच्या) फाइली द्यायच्या आणि विचारायचं, ‘पाहुण्यांच्या वायफायवरून बिलिंगच्या सर्व्हरपर्यंत कोणतं तरी पॅकेट पोचू शकतं का?’ ते एकही पॅकेट न पाठवता, फक्त फाइली वाचून उत्तर देतं. पिंग करून पाहणं म्हणजे एका दरवाजाला हात लावून पाहणं. हे सगळ्या दारांच्या किल्ल्या तपासतं.

त्यासाठी कॉन्फिग फाइली गोळा असायला हव्यात. ऑक्सिडाइज्ड नावाचं साधन हे काम रोज आपोआप करतं आणि कालपेक्षा आज काय बदललं तेही दाखवतं. बॅटफिश नाही बसवलं तरी निदान हे बसवाच.

लूप म्हणजे काय? आमचं अख्खं कॉलेज एका वायरने बंद पडलं म्हणतात.

पडू शकतं. एका कॉलेजात सुट्टीतल्या सफाईत एक लोंबणारी पॅच कॉर्ड सापडली. सफाईवाल्या दादांनी ती समोरच्या मोकळ्या पोर्टात खोचली, चांगल्या मनाने. तिचं दुसरं टोक त्याच स्विचात होतं. पॅकेट गोल फिरू लागली, वाढत गेली. आम्ही पोचलो तेव्हा तिन्ही मजल्यांवरच्या स्विचचे हिरवे दिवे एकाच तालात लुकलुकत होते, गणपतीच्या रोषणाईसारखे. ही खूण लक्षात ठेवा.

यावर स्पॅनिंग ट्री हा गोल होणारी वाट आपोआप बंद ठेवणारा उपाय रॅडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये काढला. तो चालू ठेवा, कोअरला मुद्दाम मूळ नेमा, आणि टेबलांकडे जाणाऱ्या पोर्टांवर बीपीडीयू गार्ड (तिथे चुकून स्विच जोडला तर पोर्ट बंद करणारी सोय) लावा. आणि व्हीलॅन इमारतीच्या बाहेर पसरू देऊ नका. इमारतींमध्ये रूटिंग असेल तर एका इमारतीतलं वेड दुसरीकडे जात नाही.

तांबं की फायबर?

इमारतीच्या आत तांबं, इमारतींच्या मध्ये फक्त फायबर. तांब्याची मर्यादा १०० मीटर, त्यात भिंतीतली ९० आणि दोन्हीकडच्या पॅच कॉर्ड मिळून १०. केबल कावळ्यासारखी सरळ जात नाही. छतावर चढते, बीमला वळसा घालते, खाली उतरते. डोळ्यांना ६० मीटर दिसलेलं अंतर टेपने ९५ निघतं. दहा जीबीपीएस हवं असेल तर कॅट-६ ही तांब्याची केबल ५५ मीटरलाच थकते, पूर्ण १०० साठी कॅट-६ए घ्या.

दोन इमारतींमध्ये तांबं नको याचं कारण अंतर नाही, वीज. मृगाच्या पहिल्या वादळात दोन इमारतींच्या अर्थिंगमध्ये फरक पडतो आणि तो तुमच्या तांब्याच्या तारेतून वाट काढतो. दोन्ही टोकांचे स्विच जळतात. काच वीज वाहून नेत नाही.

पीओईचा (नेटवर्कच्या तारेतूनच उपकरणाला वीज देण्याचा) हिशोब कागदावर करा. ३७० वॉटचा स्विच २४ पोर्टांना १५.४ वॉट देऊ शकतो, पण ३० वॉट मागणारे वायफायचे ॲक्सेस पॉइंट लावले तर बाराच चालतील. तेरावा लावला की त्याला वीज मिळत नाही, किंवा स्विच आपल्या प्राधान्यक्रमाने दुसरा एखादा बंद करतो.

रॅक कुठे ठेवायचा? सर्व्हरच्या खोलीत कूलर चालेल का?

नाही. नाही म्हणजे नाही. हा प्रश्न दर मार्चमध्ये येतो, कारण आपल्याकडे कूलर हा घरातला माणूस आहे. पण वाळ्याच्या ताट्यांतून येणारी ओली हवा माणसाला सुखाची, पोर्टाला नाही. एका ठिकाणी दोन उन्हाळे कूलरसमोर काढलेला पॅच पॅनेल मी उघडला होता: पिनांवर हिरवट थर, वर तुषारांच्या क्षारांचे पांढरे ठिपके आणि त्यावर बसलेली धूळ. तिथल्या लिंक १ जीबीपीएसच्या १०० एमबीपीएसवर घसरल्या होत्या आणि सगळे कंपनीला शिव्या देत होते.

बऱ्याच स्विचना ४०-४५ अंशांपर्यंतची हवा चालते. मे महिन्यात बाहेरच ४५ असतं, बंद रॅकमध्ये त्याहून जास्त. म्हणून लहानसा का होईना एसी, तोही यूपीएसच्या नाही तरी जनरेटरच्या लाइनवर. जिन्याखालच्या, पत्र्याच्या खोलीतल्या रॅकसाठी जास्त तापमान सोसणारे औद्योगिक स्विच घ्या.

आणि तळघर टाळा. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं, ते सगळ्यांना आठवतं. नकाशावर नाणं फिरवताना तळघरावरही एकदा ठेवा.

वायफायचे किती डबे लावू?

चालून मोजल्याशिवाय सांगणार नाही. एकाहाऊसारखं सर्वेक्षणाचं साधन भाड्याने मिळालं तर घ्या, नाहीतर मोबाइलवरच्या ॲपने खोली-खोलीत सिग्नल मोजा. २.४ गीगाहर्ट्झमध्ये १, ६ आणि ११ हे तीनच चॅनेल एकमेकांच्या पायात येत नाहीत, त्यामुळे डबे वाढवून वेग वाढत नाही, भांडणं वाढतात. जुन्या महाल-इतवारीतल्या वाड्यांच्या जाड भिंती आणि एक्स-रे खोलीच्या शिशाच्या भिंती यांना नकाशावर आधीच लाल करा.

लॉग किती दिवस ठेवायचे?

लॉग म्हणजे उपकरणांनी ठेवलेल्या नोंदी. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे १८० दिवस, तेही देशात. सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत कळवायची. सगळ्या उपकरणांची घड्याळं जुळलेली हवीत. आखणीतच लॉगसाठी सर्व्हर आणि जागा धरा, नंतर कोणी पैसे देत नाही.

बजेट कमी करायला सांगितलं आहे. काय काढू?

टेबलांकडच्या स्विचचा भारी ब्रँड काढा. पाहुण्यांचं वायफाय पुढच्या वर्षावर टाका. दुसरी फायरवॉल विभागाच्या ‘किती वेळ चालेल’ या उत्तराशी ताडून पाहा, दोन तास चालत असेल तर कपाटात एक सुटा डबा पुरतो.

फायबरच्या कोअर (केबलमधले काचेचे धागे) मात्र कमी करू नका. सहाऐवजी बारा किंवा चोवीस टाका. फरक काचेचा आहे, खोदाई तेवढीच. चरात एक रिकामी नळी दोरीसकट सोडा. आणि लेबलं काढू नका. लेबलांचा खर्च बीओक्यूमध्ये (कामाच्या सामानाच्या यादीत) सगळ्यात लहान असतो, म्हणून पहिली कात्री त्यालाच लागते, काऊन ते मला आजवर कळलं नाही.

काम पूर्ण झालं, पैसे द्यायचे, हे कसं ठरवू?

रविवारी सकाळी, सगळ्यांना तर्री-पोहे खाऊ घालून, वेंडरसमोर तारा उपटायच्या. आकृतीवर जिथे-जिथे नाणं ठेवलं होतं, तिथे-तिथे. एका लॅपटॉपवर सेकंदाला एक पिंग चालू ठेवायचं, दुसऱ्या माणसाने मोठ्याने मोजायचं.

दोन-तीन पिंग चुकले तर ठीक. बरोब्बर चाळीसच्या आसपास चुकले तर ओएसपीएफ (राउटर आपसांत वाटा ठरवतात तो प्रोटोकॉल) मुळात जसं येतं तसंच सोडलंय असं समजा: दहा सेकंदाला एक हाक, चाळीस सेकंद उत्तर नाही आलं तर शेजारी मेला असं ते धरतं. बीएफडी (तुटलेली लिंक झटपट ओळखणारी सोय) लावून घ्या, एका सेकंदाच्या आत येतं.

तार उपटताना एक चलाखी ओळखून असा. वेंडर नेहमी राउटरला लागलेली तार काढून दाखवतो. तशी काढली की पोर्टाचा दिवा विझतो, राउटरला लगेच कळतं आणि पिंग एकच चुकतं, टाळ्या. पण मध्ये मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि तांब्याची तार जोडणारा डबा) असेल तर रस्त्यावर फायबर तुटल्यावर राउटरच्या बाजूचा दिवा बऱ्याचदा हिरवाच राहतो, आणि ते चाळीस सेकंद खरे होतात. म्हणून तार कन्व्हर्टरच्या पलीकडची, रस्त्याकडची काढायला सांगा. तो म्हणेल, ‘साहेब, ती कशाला?’ तुम्ही मोजायला सुरुवात करा.